आंडोर बराबर, आंडेर चूक

माझ्या सासूबाईंचं आणि माझ्या लॅपटॉपचं पहिलं भांडण झालं ते अहिराणीवरून. आम्ही तेव्हा नुकतेच पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून धानोऱ्याला परतलो होतो. नवऱ्याला शेती बघायची होती आणि कंपनीने मला घरून काम करायची मुभा दिली होती. नणंद सुरतेला दिलेली. तिला रोज काही ना काही कळवल्याशिवाय सासूबाईंचा दिवस मावळत नसे. पण मोबाइलवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची, म्हणून एका दुपारी मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं, अक्षरं चांगली ठसठशीत मोठी केली, मराठीचा कीबोर्ड दाखवला आणि खाली चहा टाकायला गेले.

चहा घेऊन वर आले तर त्या हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे रागाने बघत होत्या.

“हाई लाल लाल काय व्हई ऱ्हायनं? मन्हं काय चुकनं?”

त्यांनी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ होती. मन्हा, लाल. शे, म्हणजे आहे, लाल. आंडेर, लाल. आंडेर म्हणजे मुलगी. नणंदेला त्या पत्रात तशीच हाक मारायच्या. सगळ्या पत्रात ‘सुरत’ तेवढं स्वच्छ होतं.

मी समजावलं, “आई, तुमचं काही चुकलेलं नाही. याच्याकडे मराठीचा शब्दकोश आहे. त्यात नसलेला शब्द दिसला की हा रेघ मारतो.”

“तेले अहिरानी येत नही का?”

“नाही येत.”

“मंग शिकाड ना तेले,” असं म्हणून त्यांनी चहाची बशी पुढे ओढली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. मी तळोद्याची. वडील नोकरीत, त्यामुळे घरात शाळेतली मराठी. अहिराणी मला समजायची, पण बोलताना जीभ अडखळायची. लग्नानंतर सासूबाईंनीच मला बोलतं केलं. आमचं पोट भरतं ते सॉफ्टवेअरवर. आणि माझ्या लॅपटॉपवर जी मोफत प्रणाली चालते, तिचं सगळं सामान जगभरातली माणसं हौसेने तयार करतात. शब्दकोश, फॉन्ट, खेळ, हिशोबाचे प्रोग्राम, प्रत्येकाचं एक पॅकेज बांधतात, म्हणजे समजा नीट बंद केलेला, वर चिठ्ठी लावलेला डबा. हे डबे एका मोठ्या भांडारात जमा होतात आणि तिथून ज्याला हवं तो उतरवून घेतो. त्या भांडारात अहिराणीचा डबा नव्हता. मी ठरवलं, आपण करू.

शब्द गोळा करायला फार लांब जावं लागलं नाही. सासूबाई भाकरी थापायच्या आणि मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून टिपत बसायची. ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, हे मला माहीत होतं. पण सरपणाला बयतन म्हणतात आणि म्हाताऱ्याला धल्ला, हे शब्द कानावरून गेले असले तरी माझ्या तोंडात कधी बसले नव्हते. कधी कधी आमचं वाजायचंही. मी तळोद्याकडचा एखादा शब्द सांगितला की त्या नाक मुरडायच्या, “तो गुजरातीना शे.” मग मी त्यांच्याच तोंडचे चार शब्द गुजरातीतून आलेले दाखवायची. त्यावर भाकरी तव्यावर जरा जास्तच जोरात पडायची.

शब्दकोश झाला, पॅकेजही बांधून झालं. आता ते भांडारात पाठवायचं. पण तिथे कुणीही उठून डबा ठेवू शकत नाही. पाठवणाऱ्याची संगणकी सही लागते, आणि ती सही खरोखर याच माणसाची आहे अशी ग्वाही भांडाराच्या जुन्या सभासदाने प्रत्यक्ष भेटून द्यावी लागते. व्हिडिओवर चालत नाही. समोरासमोर बसायचं, एकमेकांची ओळखपत्रं बघायची, मग तो तुमच्या सहीवर आपली सही करतो.

शोधता शोधता सुरतेचे एक सभासद सापडले. वयाने मोठे, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, बरीच वर्षं भांडाराची कितीतरी पॅकेजं सांभाळणारे गुजराती गृहस्थ. मी मेलमध्ये ‘मी सुरतेला येते’ असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘मीच येतो. भरीत खाऊन बरेच दिवस झाले.’

थंडीचे दिवस होते. नवरा त्यांना नंदुरबार स्टेशनवरून गाडीत घालून घेऊन आला. उंच, किडकिडीत माणूस, खांद्याला कापडी पिशवी. दारापुढच्या ओट्यावर चढले, नमस्कार केला, पाणी प्यायले आणि खाटेवर बसून अगदी मऊ आवाजात मला हिंदीत म्हणाले, “बेटा, पहले काम। आपका पहचान पत्र दिखाइए।”

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

“हाई मन्ही सून शे. मी सांगी ऱ्हायनी ना! कार्ड कसाले जोयजे?”

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण पाहुण्या काकांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ते गुजरातीत म्हणाले, “माजी, तमे कहो छो ए साचुं. पण नियम छे, मारे जोवुं जोईए.”

म्हणजे, तुम्ही म्हणता ते खरं, पण नियम आहे, मला बघावंच लागेल. सासूबाईंना सगळं कळलं होतं. शे आणि छे, जोयजे आणि जोईए, ही काही लांबची माणसं नव्हेत. त्या खाटेसमोर पाटावर बसल्या. “बरं, दखा. पन मंग तुमनं बी दखाडा.”

“जरूर,” काका म्हणाले. नियमही तसाच होता. दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची. त्यांनी पिशवीतून आपलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं, पण माझ्या हाती येण्याआधीच ते सासूबाईंकडे गेलं. त्यांनी चष्मा लावला. कार्ड उजेडात धरलं. एकदा फोटोकडे, एकदा माणसाकडे बघितलं.

“आठे मिशा शेत. तठे नहीत.”

“कढावी नाखी, माजी. घरवाळीने नहोती गमती.”

मिशी काढून टाकली, बायकोला आवडत नव्हती. हे ऐकून सासूबाई इतक्या खळखळून हसल्या की त्यांनी कार्ड माझ्या हातात देऊन टाकलं आणि म्हणाल्या, “खरा मानूस शे. कर सही.”

मग दुपारभर ते दोघे बोलत होते. ते गुजरातीत, त्या अहिराणीत, आणि कुणालाच काही अडत नव्हतं. मी आणि नवरा नुसते मान इकडून तिकडे वळवत होतो. जेवताना सासूबाई त्यांच्या ताटात भरीत वाढत राहिल्या, “आखो ल्या, आखो ल्या.” आमच्याकडची मिरची म्हणजे साधं प्रकरण नव्हे. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, तरी त्यांनी ताट पुढे करणं थांबवलं नाही.

निघण्याआधी त्यांनी मला अपलोड कसं करायचं ते दाखवलं. त्यासाठी एक लहानसं साधन आहे. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. कुठे पाठवायचं आणि काय पाठवायचं. मग ते साधन तुमची सही तपासतं, डब्यात लिहिलं तेवढं सगळं आहे ना हे पडताळतं, आणि एकेक फाइल भांडाराच्या दारात नेऊन ठेवतं.

“पहिल्यांदा पाठवताना थेट आत नको पाठवू,” काका हिंदीत म्हणाले. “याच ओळीत एक शब्द वाढवला की सामान ओसरीवर थांबतं. सांगशील तितके दिवस. मुदत संपली की आपोआप आत जातं. माणसाला चूक पाठवल्यावरच दिसते, पाठवण्याआधी नाही.”

“आणि चूक दिसली तर?”

“तर दुसरी एक आज्ञा आहे. सामान परत बोलव. पण ओसरीवर आहे तोवरच. एकदा आत गेलं की जगभर जातं.”

काका संध्याकाळच्या गाडीने परत गेले, पिशवीत बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, चळत घेऊन. माझी सही भांडारात नोंदली जायला थोडा काळ गेला. मग एका संध्याकाळी मी हातपाय धुऊन, का कोण जाणे, देवाला दिवा लावून बसले आणि ती ओळ टाइप केली. ओसरीवर थांबण्याची मुदत ठेवली आठवडाभराची. एकेक फाइल गेली. शेवटी ‘अपलोड यशस्वी’ अशा अर्थाची एक कोरडी ओळ उमटली. ना घंटा, ना रंग. मी जिन्यातूनच ओरडले, “आई, गेलं!”

“कोठे गयं?” खालून आवाज आला.

“भांडारात! म्हणजे, ओसरीवर.”

“बरं. दूध उतू जाई ऱ्हायनं, ते दख आते.”

आठवडा सरत आला. ज्या संध्याकाळी मुदत संपणार होती, त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी सासूबाईंना पुन्हा लॅपटॉपसमोर बसवलं. तोच शब्दकोश मी आमच्याकडेही टाकला होता. म्हटलं, आता लिहा नणंदेला, बघा कसं स्वच्छ दिसतं. त्या एका बोटाने सावकाश लिहू लागल्या. मन्हा, रेघ नाही. शे, रेघ नाही. आंडोर, म्हणजे मुलगा, माझ्या नवऱ्याबद्दल काहीतरी तक्रार होती, रेघ नाही. मी खुशीत होते. तेवढ्यात त्यांचं बोट थांबलं.

“दख.”

‘आंडेर’ या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ वळवळत होती.

“आंडोर बराबर, आनी आंडेर चूक? कोन सांगस असं?”

आंडेर हा शब्द तर मी पहिल्याच दिवशी टिपला होता. मी शब्दकोश उघडला, शोधलं. नव्हता. मग ध्यानात आलं. एकच शब्द दोनदा आला असेल तर एक गाळून टाकणारा छोटा प्रोग्राम मी शेवटी चालवला होता. त्याला काना, मात्रा, वेलांटी दिसतच नव्हती. तो नुसती अक्षरं जुळवत होता. आंडोर आणि आंडेर त्याला एकच वाटले. नंतर आलेला त्याने ठेवला आणि आधीचा काढून टाकला. तसाच काय ठेवून काया काढला होता. आणखी किती गेले होते ते मोजायची हिंमत झाली नाही. आणि हा असला शब्दकोश संध्याकाळी जगभर जाणार होता.

“आई, परत बोलवावं लागेल.”

“धाडेल गाडी माघारी बलावता येस का?”

“येते. पण आत्ताच.”

मी टर्मिनल उघडलं आणि पंखा थांबला. लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पण इंटरनेटचा डबा बंद. मोबाइलला आमच्या जाड भिंतींच्या घरात रेंज मिळत नाही. ती मिळते आमच्या वावरात, विहिरीच्या काठावर, कडुनिंबाखाली. गावातले सगळे ते जाणतात. लग्नं ठरवायचे फोन तिथूनच होतात.

मी स्कूटर काढली. लॅपटॉप पिशवीत घालत होते तर सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, पदर खोचला आणि मागे बसल्या. “चाल. तू हाक, मी धरस.” त्यांनी तो लॅपटॉप पोटाशी असा धरला होता, जसं दवाखान्यातून बाळ घरी आणतात. गाडीवाटेच्या खड्ड्यांतून मी जमेल तितकी जोरात निघाले आणि प्रत्येक खड्ड्याला मागून आवाज यायचा, “हयू! हयू!”

वावरात मिरचीची तोडणी चालू होती. बायका ओळीने वाकून लाल मिरच्या तोडत होत्या. आम्हाला असं धूळ उडवत येताना पाहून त्या उभ्या राहिल्या. नवरा बांधावरून धावत आला. मी कुणाशी न बोलता कडुनिंबाखाली बसकण मारली आणि लॅपटॉप उघडून मोबाइलच्या नेटला जोडला. एका बाईने सासूबाईंना विचारलं, “काय व्हयनं वं माय?”

सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, “आंडेर ऱ्हायी गयी!”

मुलगी राहून गेली! झालं. बायकांच्या हातातल्या पाट्या खाली पडल्या. “कोनी आंडेर? कोठे ऱ्हायी गयी?” एकीने कपाळाला हात लावला. दुसरी माझ्या नवऱ्याला म्हणाली, “दादा, गाडी काढा ना, दखता काय!” नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, सुरतेहून बहीण येत होती आणि कुठल्या तरी स्टेशनवर उतरून राहिली. तो खिशातून फोन काढून तिला लावायला लागला. फोन लागला आणि तिकडून नणंद निवांत म्हणाली, मी घरीच आहे, कपडे वाळत घालतेय.

“आई! ती घरीच आहे!” तो ओरडला.

“मंग ती घर नही तं कोठे ऱ्हाई?” सासूबाई म्हणाल्या. “मी पुस्तकमधली आंडेर सांगी ऱ्हायनी!”

हे सगळं माझ्या कानावर पडत होतं आणि हसू आवरत मी आज्ञा टाइप करत होते. अमुक नावाचं सामान ओसरीवरून काढून टाका. हीसुद्धा सही करूनच पाठवावी लागते. नाहीतर कुणीही कुणाचंही सामान परत बोलवील. रेंजची एक काडी दिसायची, मग नाहीशी व्हायची. मी उठले, विहिरीच्या कठड्याशी गेले, तिथे दोन काड्या आल्या. एंटर दाबलं. ओळ उमटली, आज्ञा पाठवली. पण पाठवणं वेगळं आणि तिकडून मान्य होणं वेगळं. त्याची मेल येते.

आम्ही सगळे वाट बघत बसलो. एव्हाना बायकांना सगळा प्रकार कळला होता आणि त्यांनी मिरच्या तोडणं सोडून दिलं होतं. एकीने स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, आमचे भिलाऊ, म्हणजे भिलांच्या बोलीतले, शब्द यात आहेत का? मी म्हटलं, ते वेगळं पुस्तक होईल. तुम्ही सांगाल तर करू. ती म्हणाली, “सांगीन की,” आणि पदराआड हसली.

मेल आली. सामान काढून टाकलं आहे, एवढंच लिहिलं होतं.

“उनी का माघारी?” सासूबाईंनी विचारलं.

“उनी,” मी म्हटलं. माझ्या तोंडून अहिराणी कशी आपोआप निघाली. नवरा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “छान. आता माझी मिरची तोडू द्याल का?”

नंतरचे काही दिवस मी आणि सासूबाई आमच्या मूळ टिपणांशी शब्दकोश ताडत बसलो. काका सुरतेहून मेलवर हसले आणि म्हणाले की प्रत्येकाचं पहिलं अपलोड असंच असतं, त्यांचं तर आतपर्यंत गेलं होतं. मग मी पुन्हा ती ओळ टाइप केली, पुन्हा ओसरीवर थांबवलं, आणि या वेळी मुदत संपली तेव्हा कुणालाच धावावं लागलं नाही. ‘स्वीकारले’ अशी मेल आली तेव्हा आम्ही दोघी गहू निवडत होतो. नणंदेने तिकडे पॅकेज उतरवून घेतलं आणि आईला पहिलंच पत्र अहिराणीत लिहिलं. ते सासूबाईंनी शेजारणीला वाचून दाखवलं, तिच्या बहिणीला वाचून दाखवलं, आणि दूध घालायला आलेल्या माणसालाही ऐकवलं.

थोड्याच दिवसांत शब्दकोशाबद्दल पहिली तक्रार आली. भांडारात अशी सोय आहे. ज्याला चूक दिसेल त्याने कळवायचं. जळगावकडच्या कुणा अनोळखी माणसाने फार सभ्यपणे लिहिलं होतं की काम उत्तम आहे, पण आमच्याकडे ‘शे’ न म्हणता ‘से’ म्हणतात, आणि त्याखाली लाल रेघ येते.

मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

“से? हाई काय बोलनं शे का?”

“आई, तिकडे म्हणतात तसं.”

“म्हनू दे. आपला पुस्तकमा नको.”

मी बाजू लावून धरली. त्यांनी ऐकलं नाही. मी म्हटलं, आपल्या शब्दांना रेघ आली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं? त्या म्हणाल्या, ते वेगळं. मग त्यांनी नणंदेला फोन लावला, कारण नणंदेच्या सासूचं माहेर जळगावकडचं. विहिणीला फोनवर बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, तुम्ही शे म्हणता की से? तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बोलणं बराच वेळ चाललं. विषय से वरून लग्नातल्या मानपानावर, तिथून गुडघेदुखीवर आणि तिथून लोणच्यावर गेला. दोघी हसत होत्या.

फोन ठेवून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

“त्यासनाकडे म्हनतस ते बी बराबर, आमनाकडे म्हनतस ते बी बराबर. लिख. पन शे पहिलं लिख, से मंग.”

“शब्दकोशात पहिलं-दुसरं नसतं, आई. शब्द एक तर असतो, नाही तर नसतो.”

“तरी बी शे पहिलं.”

मी शे च्या खाली से लिहिलं. नवीन आवृत्ती बांधताना काय बदललं याची एक ओळ लिहावी लागते, ती काय लिहू असं विचारल्यावर त्यांनी जरा विचार केला आणि सांगितलं, “जयगावना मानसे बी आपलाच शेत.” मी ते तसंच्या तसं घातलं. सही केली, टर्मिनलमध्ये ओळ टाइप केली, आणि एंटर दाबायला त्यांचं बोट पुढे केलं. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि दाबलं.